मशीनवाल्या मावशीचे सोमवार

या, आत या. दारात पाहुण्यासारख्या काय उभ्या राहता? अशा जवळ सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलणं होत नाही. आणि एक सांगते, राग मानू नका. आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच तुम्ही 'माझा आज उपास आहे हो' म्हणून सांगता ना, ते मला काही बरं वाटत नाही. उपास आहे तर असू द्या की. त्याची दवंडी कायला पिटायची? चहा नको असेल तर नको म्हणा, संपलं.

हे माझ्या पदरचं नाही. एका बाईकडून शिकले. उपासाच्या दिवशी ती डोक्याला तेल चोपडायची. रोज लावायची त्याच्या दुप्पट. केस असे चप्प बसवून, अंबाडा घट्ट बांधून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती ओसरीवर मशीनपाशी बसली की पाहणाऱ्याला वाटायचं, ही आता कुठं लग्नाला निघाली. कोणी विचारलं, "काय व मावशी, आज लय चमकून राहिली?" तर म्हणायची, "पाहणारा पाहते. तू तुझं काम सांग."

'पाहणारा पाहते' हा तिचा शब्द होता. कपडा चांगला शिवला आणि कोणी वाखाणला तरी तोच. कोणी शिवणाचे पैसे बुडवले तरी तोच. आम्ही तरण्या सुना विहिरीवर तिची नक्कल करायचो, भांडं घासून उताणं ठेवायचं आणि म्हणायचं, "पाहणारा पाहते!"

मी लग्न होऊन मुर्रीला आले तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता, भंडाऱ्यातच मोडत होता. मुर्रीहून गोंदियाच्या बाजारात पायी जायचो, बांधाबांधानं. आमची धानाची शेती, घरात नवरा, सासरे आणि सासू. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आणि आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुडाचं कुंपण, तिकडं ही राहायची. एकटी. हातमशीन चालवायची म्हणून सगळा गाव मशीनवाली मावशी म्हणे, म्हाताऱ्या बाया नुसतं टेलरीन म्हणत. रेल्वेच्या बाबू लोकांच्या पोरींचे फ्रॉक, आमचे झंपर, लग्नातली पोलकी, सगळं तिच्याकडं.

ती ख्रिस्ती होती. आमच्या मुर्रीत तेवढं एकच घर. तिचं गिरजाघर गोंदियाला रेल्वेच्या बाजूला, कौलारू, लहानसं. रविवारी ती तिथं जायची, छत्री घेऊन. ऊन नसलं, पाऊस नसला तरी छत्री. तिला आई ना बाप, नवरा जवानीतच गेलेला, लेकरू नाही. एकदा मी विचारलं होतं, "मावशी, तुमचं माहेर कोणतं?" तर तिनं सुईत दोरा ओवता ओवता गोंदियाकडं मान केली. "ते काय, गिरजाघर." मी हसले. ती नाही हसली.

गावाचं मत असं, की या लोकांना उपास-तापास काही नाही. आमच्या आत्याबाईंचं तर पक्कंच. त्यांना स्वतःला इतके उपास की जेवायचे दिवस शोधावे लागत. सोमवार, एकादशी, चतुर्थी, शिवरात्र. त्या कुंपणावरून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "काही लोकाइचं बरं हाये बाप्पा. कोंबडं खा, मासे खा, आन रविवारी गाणं म्हना. देव खूश." मावशी मशीनचं चाक फिरवत राहायची.

तुम्हीही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं तसंच. कारण मावशी उपासाबद्दल कधी अक्षर बोलली नाही. पण मी कुंपणापाशी भांडी घासायची, मला दिसायचं. शिशिर सरला, पळस फुलले, लाखोरीच्या डाळीचं पीक उपटून झालं, की मावशीची दुपारची चूल बंद. एरवी बाराच्या ठोक्याला तिच्या घरातून धूर निघे. त्या दिवसांत नाही. फक्त रविवारी निघे. आणि त्या दिवसांत कोणी विचारलं, "मावशी, जेवल्या का?" तर ती ना हो म्हणे, ना नाही. उलट विचारी, "तू काय रांधलं व आज?" बस, विचारणारी सुरू होई. वांगं कसं चिरलं, बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, मासे कसे मिळाले, कोणत्या मसाल्यात घोळले. मावशी रिकाम्या पोटी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेई, वर सल्ला देई, "आंबट कमी पडलं असन. चिंच घालत जा." विचारणारी खूश होऊन घरी जाई. आपल्याला उत्तर मिळालं नाही हे तिच्या ध्यानातही येत नसे.

अजून एक गंमत. मावशीला गुडाखूची सवय होती. तंबाखू-गुळाची ती काळी मशेरी हो, आमच्याकडं छत्तीसगडाकडून येते, बोटानं हिरड्यांना घासतात. पळस फुलले की ती आपली डबी आणून आत्याबाईंच्या हाती द्यायची. "ठेवा तुमच्यापाशी. दात दुखून राहिले." आणि ते दिवस संपेपर्यंत ती अशी काही चिडखोर व्हायची की विचारू नका. गिऱ्हाइकाला म्हणे, "हे कापड हाये का गायीनं चघळलेलं फडकं?" आत्याबाई तिची डबी स्वतः वापरून संपवायच्या आणि म्हणायच्या, "पळस फुलला का हिचे दात दुखते. असे कसे दात बाप्पा!"

एकदा दुपारी मी झंपराचं माप द्यायला गेले. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, ओठ हलत होते. समोर मडकं. त्यात तिनं मूठभर तांदूळ टाकले. मला पाहून मडकं खाटेखाली सारलं. चूल थंड होती. मी म्हटलं, "मावशी, तुमचा उपास आहे?" ती माझ्यावर अशी खवळली! "तुले कोनी सांगितलं? कोनाले सांगशीन तर झंपराच्या बाह्या उलट्या लावून देईन." मग जरा वेळानं, माझी मान मोजता मोजता, आपणच म्हणाली, "प्रभूनं सांगून ठेवलं हाये, उपास करशीन तं तोंड धुऊन, डोक्याले तेल लावून फिर. लोकाइले दिसला तं तो लोकाइचाच झाला. देवाले काय उरलं?" दुपारचे जे तांदूळ तिनं शिजवले असते ते ती मडक्यात टाकायची. ईस्टरच्या सणाआधी चाळीस दिवस त्यांच्यात उपास असतो, हे मला मागून समजलं; सण जवळ आला की ते तांदूळ गावातल्या कोणा गरिबाच्या घरी जायचे, तेही भांडण करून. "घेऊन जा व हे, किडे पडून राहिले, माझ्या घरी जागा नाही." त्यात एक किडा सापडत नसे.

मी कोणाला सांगितलं नाही. बाह्यांची भीती होतीच.

आता माझं सांगते. लग्नानंतर मी दोनदा रिकामी झाले. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा त्याच्याही पुढं गेल्यावर. ते दुःख बाईलाच ठाऊक, मी ते वाढवून सांगत नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आत्याबाईंनी जवळच्या नागरा गावच्या महादेवापुढं नवस केला, की सून बाळंत होईपर्यंत सोमवार करील. पाण्याशिवाय, दिवस बुडाल्यावर अळणी घास. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तेव्हा कोण सून नाही म्हणत होती? आणि आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगून ठेवते. त्यांची स्वतःची किती लेकरं गेलेली, एक माझा नवरा तेवढा हाती लागलेला, तोही उपासानं, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासोबत त्याही उपाशी राहत. भीतीनं पोखरलेलं माणूस होतं ते.

शिवरात्र झाल्यावरच्या सोमवारी मी विहिरीवर भोवळ येऊन पडले. काठावर पडले म्हणून वाचले. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं मावशीच्या मांडीवर होतं, तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता, आणि ती आत्याबाईंशी बोलत होती. त्या दोघींचं बोलणं माझ्या कानात अजून तसंच आहे.

"मोठ्या बाई, हिले जेवू द्या."

"सोमवार हाये तिचा."

"सोमवार तुमचा हाये. हिले कोनी विचारलं?"

"टेलरीन, तुले उपासातलं काय समजते व? तुमच्यात काही पाळत नाही."

मी मनात म्हटलं, आता सांगेल ही. तोंडावर फेकेल. तिनं नाही सांगितलं. ती म्हणाली, "उपासातलं नाही समजत. उपाशी राहन्यातलं समजते." आणि मग तिनं जे सांगितलं ते तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं, पुढंही नाही. म्हणाली, "मोठा दुष्काळ पडला होता ना, तुमच्या-माझ्या लहानपनी, तेव्हाची मी. माय मले घेऊन चालून राहिली होती. कोनत्या गावाहून, कुठं, मले आठवत नाही. मंग मायनं चालनं बंद केलं. मी तिच्याजवळ बसून राहिली. मिशनच्या लोकाइनं मले उचललं तेव्हा तोंडात माती होती म्हनते. तो काही आमचा उपास नव्हता, मोठ्या बाई. घास हातात असन आन आपन ठेवून देऊ, तवा उपास. हिच्या हातात तुमी घासच नाही ठेवला."

  मग आत्याबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "बोललेला नवस हाये व. मोडला आन काही झालं तं? दोनदा मी पुरून आली. तू घेशीन जबाबदारी?"

"घेते. हिचे सोमवार मी करते. पोर होईपर्यंत. हिले जेवू द्या."

"तुझा देव येगळा. तुझा उपास माझ्या महादेवाले कसा पोचन?"

"ते मले माहीत नाही. मी माझ्याच देवाले मागीन, दुसऱ्याचं नाव नाही घेनार, आताच सांगते. तुमी तुमच्या देवाले सांगा. पोर एकच हाये, ते दोघं पाहून घेतीन."

आत्याबाईंनी विचार केला.  मग शेतकऱ्याच्या बायकोसारखा सौदा केला. "मंजूर. पन माझ्या डोळ्यासमोर. सकाळपासून माझ्या ओसरीवर बसाचं. मागं घरी जाऊन खाल्लं तं मले कसं समजनार?"

तेव्हा मावशीचा चेहरा उतरला. उपासानं नाही उतरायचा तो. लोकांच्या नजरेसमोर उपास करायचा, म्हणजे जन्मभर पाळलेलं सगळं उलटं. ती माझ्याकडं पाहत राहिली, माझ्या पोटाकडं. मग म्हणाली, "बसतो." आमच्याकडं बायाही चिडल्या की पुरुषासारखं बोलतात.

मग सुरू झाले ते सोमवार. मावशी सकाळी काज-बटणाचं काम घेऊन आमच्या ओसरीवर येई. पहिल्याच दिवशी तेलावरून वाजलं. "उपासाच्या दिवशी कोनी तेल लावते का व? सौंदर्य दाखवाले आली का?" आत्याबाई म्हणाल्या. मावशी म्हणाली, "तुमी राख लावा. मी तेल लावते. पोट दोघींचं रिकामंच हाये." दुपारी मला दोघींच्या मधे बसवत. भात, लाखोरीचं वरण, कधी बेसनाची पातोडी. दोन उपाशी म्हाताऱ्या आणि मधे मी जेवणारी! माझ्या प्रत्येक घासावर चार डोळे. घशाखाली उतरेना. "चावून खा," एक म्हणे. "हळू कायले खाते, थंडं होऊन राहिलं," दुसरी म्हणे. भूक दोघींना लागलेली आणि राग माझ्यावर. त्यात एकीचा गुडाखू बंद.

अधूनमधून आत्याबाई चुचकारून पाहत. "एक डाव हर हर महादेव म्हन ना व. तुझं काय जाते?"

"नाही म्हननार."

"जिद्दी हायेस."

"हो."

"बरं, मनात तं म्हन."

"मनात तं अजिबात नाही."

असं दिवसभर चाले. पण एका सोमवारी मी पाहिलं, ऊन कलत आलं होतं, मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून पुटपुटत होती, आणि आत्याबाई तिला पंख्यानं वारा घालत होत्या. स्वतः कोरड्या ओठांनी. मला पाहून म्हणाल्या, "माश्या बसून राहिल्या." दिवस बुडाला की दोघी एकाच भगुण्यातली पेज प्यायच्या. मावशी मीठ घाली, आत्याबाई बिनमिठाची. एकदा डबी चाचपत आत्याबाई विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, "टेलरीन, तुझे दात दुखत नाही. हे तुझं काही येगळंच हाये." मावशी म्हणाली, "पेज थंडी होते, मोठ्या बाई."

आता गावात कुंपणाला कान असतात, तर ओसरीला नसतील? मावशीच्या गिरजाघराच्या मंडळीतली एक बाई फ्रॉकचं कापड घेऊन मुर्रीला आली. तिनं पाहिलं, सोमवार, मावशी न्हालेली-धुतलेली, हिंदूंच्या ओसरीवर, शेजारी आत्याबाई बेलपानं निवडत बसलेल्या, दोघींचा उपास. पाहिलं ते गोंदियाला पोचलं. पोचता पोचता ते असं झालं, की मशीनवाली महादेवाचे सोमवार धरून बसली, म्हातारपणी धर्म सोडते.

पाद्रीसाहेब वाईट माणूस नव्हता. तरुण होता, नवीन आलेला, लहानशी मंडळी सांभाळायची, त्याला प्रत्येकाची काळजी. त्यानं तिला बोलावून विचारलं, "सोमवारी तुम्ही त्या घरी काय करता?" ती म्हणाली, "बसते." "त्यांच्या देवाचा उपास करता म्हणतात." ती म्हणाली, "पाहणाऱ्यानं पाहिलं हाये." त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, मला स्पष्ट उत्तर द्या, तोवर ईस्टरच्या प्रभुभोजनाला पुढं येऊ नका.

हे आम्हाला तिनं नाही सांगितलं. ती फ्रॉकवालीच पुन्हा आली होती, तिनं आत्याबाईंना सांगितलं, जरा वाईट वाटून. प्रभुभोजन म्हणजे काय हेही तिनंच समजावलं. त्यांच्यात सगळे एका मेजापाशी येतात, एका भाकरीतला तुकडा खातात, त्यानं ते सगळे एक घर होतात. ईस्टरला तर कोणी चुकत नाही. आणि तिथं मावशीला मागं बसायचं होतं, सगळ्यांसमोर.

मी धावत कुंपणापाशी गेले. "मावशी, सांगून टाका ना त्यांना! एका वाक्याचं काम आहे."

ती झंपराला काज करत होती. म्हणाली, "काय सांगू? का मी उपास करून राहिली? सांगितला तं तो माझा मान झाला. आन मंग विचारतीन कायले, कोनासाठी. मंग तुझं सांगनं आलं. दोनदा झालं तेही आलं. मोठ्या बाईचं भेव आलं. मी तुमचं घर उघडून दाखवू का तिथं?"

"पण तुमचं माहेर आहे ते."

तिची सुई थांबली. "हो ना व," ती म्हणाली, आणि खाली पाहून पुन्हा शिवू लागली. टाका वाकडा गेला. तिचा टाका वाकडा गेलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती दिवसभर दार लावून होती. दुसऱ्या दिवशीही मशीनचा आवाज नाही. आत्याबाई अंगणात येरझारा घालत होत्या. संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांना फर्मावलं, "पहाटे गाडी जुंपजा. गोंदियाले जाचं हाये."

"कोनतं काम?"

"देवाचं."

ईस्टरच्या पहाटे आम्ही निघालो. मी सहा-सात महिन्यांची पोटुशी, खाली धानाच्या तणसाची गादी. गिरजाघरात गाणं चाललं होतं. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा तिथं. दाराशी चपला काढल्या, आत पाहतात तर सगळे चपला घालून. पुन्हा घातल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत उंबऱ्यापाशी थांबल्या. मावशी अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीकडं, छत्री मांडीवर धरून. आम्हाला तिनं पाहिलं नव्हतं.

लोक पुढं जायला उठले. मावशी उठली नाही. आणि आत्याबाई, डोक्यावर पदर, नऊवारीचा काष्टा मारलेला, सरळ मधल्या वाटेनं चालत गेल्या.

"साहेब, मी मुर्रीची. बोलू का?"

पाद्रीसाहेब गोंधळला. "बोला बाई."

"ते मागं बसली ना, ते माझ्या सुनेचे उपास करून राहिली. ही माझी सून, पाहा, पोटुशी हाये. ये व, पुढं ये. हिचे दोन गेले. नवस माझा, उपास हिचा, आन उपाशी राहून राहिली ते. हिच्या तोंडी घास पडावा म्हनून. महादेवाचं नाव तिनं एक डाव घेतलं नाही. मी लय मागं लागली, साहेब, दर सोमवारी सांगितलं, घे म्हनून. नाही म्हने. मनात तरी घे म्हटलं, तं तेही नाही. अशी जिद्दी बाई तुमच्याच देवाची असन, आमच्याकडं कोनी ठेवनार नाही."

कोणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. मी मात्र मावशीकडं पाहत होते. ती छत्री मुठीत आवळून उभी राहिली होती. "मोठ्या बाई!" ती ओरडली, गिरजाघरात हो, "सगळे सोमवार वाया घातले तुमी! साऱ्या गावाले सांगितलं! आता ते कोन मोजनार?"

"नको मोजू देऊ," आत्याबाई तिथूनच ओरडल्या. "पुन्हा कर!"

पाद्रीसाहेबानं डोळे पुसले की चष्मा, मला नाही दिसलं. तो मेजामागून निघून शेवटच्या बाकापर्यंत आला. त्यानं तिला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "आई, आज उपास सोडायचा दिवस आहे. चला." आणि तिच्या हातातली छत्री स्वतः घेतली. ती सगळ्यांच्या पुढं गेली. मी दाराशी उभी राहून तिची पाठ पाहिली. तुकडा तोंडात घेताना तिचे खांदे हलत होते.

येताना ती आमच्याच गाडीत बसली आणि मुर्री येईपर्यंत आत्याबाईंशी बोलली नाही. सोमवारी सकाळी मात्र ओसरीवर हजर. म्हणाली, "मागचे धरायचे नाही. आता आजपासून." आत्याबाई म्हणाल्या, "बस. तेल लय लावलं आज."

ज्येष्ठात मला मुलगी झाली. चांगली रडली, दोन कुंपणं ऐकतील अशी. आत्याबाईंना मुलगा हवा होता का? हवा असेल. पण त्यांनी पोरीला उचललं आणि आधी कुंपणापाशी नेऊन मावशीच्या हातात दिलं. "पाहा, कोनत्या देवाची हाये ते." मावशीनं नीट पाहिलं. "नाक तुमचं हाये, मोठ्या बाई. देवाचं नाही."

पुढं सात-आठ वर्षं ती आमच्या शेजारी होती. माझ्या पोरीचे सगळे फ्रॉक तिच्या हातचे. मग डोळे गेले, दोरा ओवता येईना. तिच्या मंडळीनं जबलपूरकडं म्हाताऱ्या बायांचं एक घर शोधलं आणि तिला तिकडं न्यायचं ठरलं. गोंदियाच्या स्टेशनावर अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत आम्ही तिला बसवून दिलं. आत्याबाईंनी पितळी डबाभर पातोड्या आणल्या होत्या, खिडकीतून दिल्या. उपासाचे दिवस नव्हते, तरी त्यांनी विचारलं, "आज नाही ना व काही?" मावशी म्हणाली, "नाही. आज नाही." आणि तिथंच, सगळ्या फलाटासमोर, डबा उघडून खाऊ लागली. आमच्याकडं पाहत, गाल भरून, घाईनं, लहान पोरीसारखी. आत्याबाई फलाटावर उभ्या राहून म्हणत होत्या, "चावून खा, टेलरीन. चावून खा." गाडी हलली तरी तिचं खाणं चालूच होतं. मी तिला पाहिलं ते शेवटचं. दोन वर्षांनी तिकडून निरोप आला, एवढाच की ती गेली, झोपेत.

माझी मुलगी आता स्वतः आजी व्हायला आली. इथून जवळच कुडव्याला राहते, रोज संध्याकाळी येते आणि माझ्यावर ओरडते. नाक तेच आहे, आत्याबाईंचं. तुम्ही पुन्हा एकदा संध्याकाळी या तिला पाहायला, दूर काही नाही. लवकर या मात्र. पाहू, सवडीनं, असं म्हणू नका. या म्हाताऱ्या वयात तेवढी सवड कोणाजवळ आहे?